तारेतला सापळा

फुलचूर, ५ डिसेंबर १९५३

तुमसर मुक्कामी माझे व्याही श्री. रामलालजी यांना फुलचूरच्या गोवर्धनचा, मुलीच्या बापाला वाकता येईल तितकं वाकून, रामराम. आपल्या मातोश्रींना दंडवत (त्यांचा घसा आता कसा आहे?). विहीणबाईंना नमस्कार. जावईबापूंना आशीर्वाद, त्यांची घ्यायची इच्छा असेल तर. इकडे सर्व खुशाल. धानाची मळणी झाली, म्हैस दूध देते आहे, मी वेळेवर जेवतो आहे (ताट पुढे सरकवलं जातं, बोललं जात नाही). थंडीचे दिवस आहेत, आपण सकाळी ओट्यावर उघड्या अंगानं बसत जाऊ नये. हे पत्र निव्वळ प्रकृतीची विचारपूस करण्यासाठी लिहितो आहे, मनात दुसरा हेतू नाही.

विचारपूस झाली. आता विषय निघालाच आहे (मीच काढतो आहे, कारण आपण काढणार नाही), तर गेल्या सोमवारी आपल्या अंगणात जे झालं त्याचा खुलासा करणं माझं कर्तव्य आहे.

सोयरीक जुळवताना आपल्याला सांगितलं होतं की मुलीचे वडील इंग्रजी जाणतात. ते खोटं नव्हतं, थोडं अपुरं होतं. मॅट्रिकला मला इंग्रजीनंच पाडलं, पण पाडणारे शब्द सगळे लांबलचक होते. चार अक्षरांपर्यंतच्या शब्दांशी माझं कधी वाकडं नव्हतं, आणि मुंबईच्या एका साप्ताहिकात जे बक्षिसाचं शब्दकोडं येतं त्याला तेवढेच शब्द लागतात. पहिलं बक्षीस रेडिओ. शब्दातलं एक अक्षर कोरं ठेवतात, खाली सूचना देतात. तिथं दोन शब्द बसतात, पण खरा एकच, आणि तो संपादकाच्या पोटात असतो. एकदा सूचना होती, याच्या धाकानं पोरं सरळ वागतात. गॉड लिहावं की रॉड, म्हणजे देव की छडी? मी पोरं जवळून पाहिलेली, रॉड लिहिलं. उत्तर आलं, गॉड. पुढच्या खेपेला, ही नसली की मास्तराचं अडतं. पेन की हेन? पेन म्हणजे लेखणी, हेन म्हणजे कोंबडी. शेंबडं पोरही पेन म्हणेल. उत्तर आलं, कोंबडी! वर खुलासा छापला होता की लेखणी काय, मास्तर कोणत्याही पोराची मागून घेतो. तेव्हापासून मी एक धडा पक्का केला, की जो अर्थ पहिल्यांदा सुचतो तो सापळा. हा धडा मी आमच्या ओसरीवर जमणाऱ्या सगळ्यांना शिकवला. शेजारचे टिकाराम मला प्रोफेसर म्हणू लागले, आणि मी त्यांना थांबवलं नाही. राइस मिलमध्ये कामावरसुद्धा शेठ सरळ म्हणाले की गाडी भरा, तर मी थोडा वेळ विचार करत उभा राहू लागलो.

अशा अवस्थेत आपली तार आली. रविवार होता, मी ओसरीवर कोडं भरत बसलो होतो. आमच्या फुलचुरात तार म्हणजे माणूस गेल्याचीच बातमी. आमच्या धुरपताचे दिवस भरलेले, त्यात तारवाल्याची सायकल दारात टेकली, आणि धुरपताच्या आईनं कपाळाला हात लावला. शेजारणी धावल्या. निम्मं रडं तार फोडायच्या आधीच होऊन गेलं. मी मात्र शांतपणे चष्मा पुसला. शब्द सगळे माझ्या हद्दीतले होते. बॉय बॉर्न, बोथ सेफ, कम सून. मुलगा झाला, दोघं सुखरूप, लवकर या. पहिल्यांदा हेच सुचलं, आणि पहिल्यांदा सुचलं म्हणूनच मी दचकलो. तारेत शब्दागणिक दाम मोजतात. पोरगी खरंच सुखरूप असेल तर तसं सांगायला आपल्यासारखा हिशेबी माणूस कशाला दाम मोजेल? (क्षमा असावी, पण त्या वेळी मला असंच वाटलं.) आणि लवकर या? आनंदाच्या बातमीला घाई कसली? भोवती माणसं प्रोफेसरच्या तोंडाकडे पाहत होती. धुरपताची आई म्हणाली, “सांगा ना जी, पोरगी कशी आहे?” मी तारेची घडी घातली आणि म्हणालो, “वरून बरी दिसते.” मिळालं उत्तर. पुढचं रडं सकाळच्या पॅसेंजरपर्यंत थांबलं नाही.

त्यानंतरचं आपण पाहिलंच आहे, पण आमच्या बाजूनं कसं दिसलं ते सांगतो. मयतीच्या घरी जाताना बायकांनी गल्लीच्या तोंडापासून गळा काढायचा, ही आपली रीत. तो त्यांनी काढला. मी टोपी काढून हातात घेतली. आपल्या मातोश्री दारात आल्या, त्यांना वाटलं आमच्याकडचं कोणी गेलं म्हणून आम्ही सांगायला आलो. त्यांनीही हंबरडा फोडला. आम्हाला वाटलं, झालं, खरंच निघालं. मग विहीणबाई धुरपताच्या आईच्या गळ्यात पडल्या, आणि आपण माझ्या. कोण गेलं हे कोणी कोणाला विचारीना, कारण रडायच्या आधी नाव विचारणं हे कोणत्या शिष्टाचारात बसतं? आपले शेजारी भले माणूस, त्यांनी विचारलंही नाही, सरळ बांबू तोडून आणले. आपण मला मिठीत घेऊन म्हणालात, “मोठं माणूस गेलं जी!” आणि मी हो म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मी इतका मनापासून रडत होतो की कोणीही गेलं असतं तरी मला चाललं असतं. शेवटी बाळंतिणीच्या खोलीतून, कान बांधलेली धुरपता बाळ छातीशी धरून उंबऱ्यात आली आणि म्हणाली, “बाबाजी, काऊन रडून राहिले? कोन मेलं जी?”

आपल्या शेजाऱ्यांनी हातातले बांबू हळूच खाली ठेवले. मी पोरीकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. रेडिओ लागला असता तरी इतका आनंद झाला नसता, आणि तो दाखवायला तोंड उरलं नव्हतं. नव्या जिवाच्या दारात गळा काढून अपशकुन केला असं आपल्या मातोश्री म्हणाल्या, ते बरोबरच. यंदा सुनेला माहेरी पाठवणार नाही असंही म्हणाल्या. त्याला आमचा इलाज नाही. मुलगी दिली, ती आपली. पत्र केवळ प्रकृतीसाठी होतं. मोठ्यांना दंडवत, लहानग्याला लांबूनच पापा.

आपला, ज्याच्या अकलेला आता फुलचुरात गिऱ्हाईक नाही असा,
गोवर्धन

ता. क. विषय नाही, तरी लिहितो. धुरपताच्या आईनं बाळासाठी कुंची शिवून ठेवली आहे आणि दिवसातून दोनदा घडी मोडून पुन्हा घालते. माझ्याशी बोलत नाही, कुंचीशी बोलते. चार दिवस तरी पोरीला पाठवावं. स्टेशनपासून घरापर्यंत मी तोंड उघडणार नाही, हवं तर लिहून देतो. आपल्या मातोश्रींनी माझ्यावर राग धरावा, पोरीवर धरू नये, एवढं पाया पडून सांगणं.

ता. क. त्या गडबडीत माझी टोपी आपल्या ओट्यावर राहिली. टोपीची घाई नाही, पण तिच्या घडीत भरलेलं कोडं आहे, आणि शुक्रवार शेवटची तारीख आहे. (हे धुरपताच्या आईला कळवू नये.)

ता. क. पाकीट चिकटवणार तोच आपली दुसरी तार आली. मी हात लावला नाही. धुरपताची आई ती पदराखाली धरून स्टेशनात धावली आणि तारबाबूकडून वाचून आणली. धुरपता आणि बाळ बुधवारच्या पॅसेंजरनं निघतात, सोबत मातोश्री. बाबू म्हणाला, अर्थ सरळ आहे. मला मातोश्री हा शब्द जरा संशयास्पद वाटला होता, पण मी बोललो नाही. आता घरात पाळणा घासणं चाललं आहे, आणि सगळ्या मोहल्ल्याला ताकीद दिली आहे की फलाटावर कोणी डोळ्याला पदर लावायचा नाही, आनंदानंसुद्धा नाही. बायका पाळतील. मला माझाच भरवसा नाही, म्हणून मी फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा राहणार आहे. मातोश्रींना सांगावं की तिथून कोणी नाक शिंकरताना दिसलं, तर ती थंडी आहे.