पिंपळाचा शेंडा, पिंपळाचा बुंधा

पुणे, ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना प्रभूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे आम्ही तिघंही मजेत. मी, शिवकन्या आणि तिसरी तुमची नात जाई. पाच महिन्यांची झाली, आणि हट्ट पाहता नक्की तुमच्यावरच गेली आहे. मी मेंढरं सोडून इकडे आलो आणि तुम्ही माझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणालात, त्याला दोन वर्षं झाली. माझ्यावरचा राग राहू द्या, पण जाईला एकदा पाहून जा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सगळं लिहितो. नाक्यावरून रात्रीची ट्रॅव्हल्स धरा. सकाळी उतरलात की सोबतची चिठ्ठी रिक्षावाल्याला दाखवा, तो आमच्या मेट्रोच्या स्टेशनाशी सोडेल. घ्यायला येता येणार नाही. कंत्राटी शिपायाला सुटी कोण देतो? दुपारी दोनपर्यंत मी गेटाशी उभा असतो, निळ्या कपड्यांत. खूण म्हणजे गेटासमोर पिंपळ आहे. त्यावर घारीचं घरटं आहे, घार पिलांना भरवताना अगदी नाकासमोर दिसते. ड्युटी सुटली की मिळून घरी जाऊ.

आईला नमस्कार. रागातही थोडी माया शिल्लक ठेवावी.

आपला,
प्रभू


कनेरगाव नाका, १५ जानेवारी

चि. प्रभूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या आईनं ते तीनदा वाचायला लावलं आणि तिन्ही वेळा रडली. मी रडलो नाही. मेंढरं बरी आहेत, दोन व्याल्या.

सत्तावीस तारखेला, सोमवारी सकाळी पोचतो. एकदाच येईन. जागेवर दिसलास तर ठीक, नाही तर आपलं नातं तेवढंच होतं असं समजेन. हरवलं तर जागा सोडायची नाही, शोधणारा येतो, हे तुला लहानपणी रानात शिकवलं आहे. ध्यानात ठेव.

नातीसाठी घोंगडी विणून घेतली, काळी, पांढऱ्या काठाची. पुण्यात घोंगडी पांघरतात की नाही मला ठाऊक नाही. ही पांघरेल.

रखमाजी


कनेरगाव नाका, ३० जानेवारी

प्रभूस,

आशीर्वाद लिहायला हात उठला नाही, म्हणून वगळला.

सोमवारी सातला रिक्षावाल्यानं सोडलं. पिंपळ बराबर सापडला, मान वर करून घारीचं घरटंही पाहिलं. स्टेशन मात्र नव्हतं. रूळ नाहीत, फलाट नाही, इंजिन नाही. नुसता एक लांबलचक पूल आणि खाली मोटारी. तिथल्या चहावालीला चिठ्ठी दाखवून विचारलं, बाई, स्टेशन कुठं हाय. तिनं बोट वर केलं. म्हटलं, शहरात चहावालीसुद्धा देवावर सोपवून मोकळी होते. मीही वर हात जोडले.

जागा सोडली नाही. पिंपळाला खेटून पुलाचा खांब आहे, त्याला पाठ टेकून पाचपर्यंत बसलो. तो खांबही धड नाही, दर थोड्या वेळानं थरथरतो. पहिल्यांदा उठून लांब झालो, मग सवय झाली. निळ्या कपड्यांतली माणसं पुष्कळ गेली, त्यांत तू नव्हतास. धोतर-पटक्यातला बाप चार लोकांत दाखवायची लाज वाटली असेल. तसं लिहिलं असतंस तर एवढी तकलीफ घेतली नसती.

घोंगडी परत आणली आणि नव्या कोकराखाली अंथरली. त्याला लाज वाटत नाही.

उत्तर पाठवू नको.

रखमाजी


पुणे, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

उत्तर नको म्हणालात तरी पाठवतो. तुमचं न ऐकण्याची खोड जुनीच आहे. आईला फोनवर चारदा सगळं सांगितलं. पण ती म्हणाली, मी बोलायला लागली की ते तोंड फिरवून राहिले, अन् मग काहून बोलायचं? पत्राकडे पाठ फिरवलीत तरी ते तिथंच राहील.

आबा, तो पूल नव्हता. तेच स्टेशन. इथं रूळ खांबांवर घातले आहेत, गेट आणि फलाट वर आहेत, जिना चढून यावं लागतं. मी दोन वर्षं रोज चढतो, त्यामुळे हे लिहायला हवं, असं सुचलंच नाही. चूक माझी. तुम्ही पिंपळाच्या बुंध्याशी होतात आणि मी शेंड्याशी.

दोनला ड्युटी सुटली तरी मी पाचपर्यंत गेटाशीच उभा होतो. एकदा वाटलं, खाली जाऊन बघावं. पण तेवढ्यात तुम्ही आलात आणि मी नसलो तर? जागा सोडायची नाही, शोधणारा येतो. दोघंही तुमचाच धडा गिरवत राहिलो आणि शोधायला कुणी उरलंच नाही.

तुमचं पत्र आल्यावर त्या चहावाल्या मिनाबाईला विचारलं. ती म्हणाली, म्हातारबा दिवसभर इथंच होते, बिस्किटाचा पुडा दिला तर नातीला म्हणून धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला. मी तिथंच बसून रडलो, निळ्या कपड्यांत, चार लोकांत. लाज वाटली नाही.

आणि खांब धड आहे. वर गाडी आली की तो थरथरतो. तुमच्या पाठीला जाणवलेली प्रत्येक गाडी त्या दिवशी माझ्यासमोर थांबून गेली.

एकदा नाही, दोनदा या. एवढं ऐकावं.

आपला,
प्रभू


कनेरगाव नाका, १७ फेब्रुवारी

चि. प्रभूस अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रात राहिलेला धरून.

स्टेशन लोकांच्या डोक्यावर ठेवतात, हे बहिऱ्या माणसाला कसं कळावं? तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, ही चूक झाली. तेव्हापासून काहीही विचारलं की ती बोट वर करते आणि पदर तोंडाला लावून हसते.

घोंगडी कोकराखालून काढली. दोनदा धुतली. वास थोडा राहिला आहे, धनगराच्या नातीला चालेल. पुडा तसाच आहे. तीन मार्चला, सोमवारी येतो. आईही येते म्हणते. मेंढरांकडे शेजारची भिकाबाई बघेल.

मी जिना चढणार नाही, गुडघे दुखतात. त्याच खांबाला टेकून बसेन. या खेपेला जागा मी धरतो, शोधायला तू ये. दोनला सुटलास की खाली उतर. घाई करू नको. तोवर खांब थरथरला की मी समजेन, पोरगं वर उभं आहे.

तुझा,
आबा