पेटी घ्यावी की कॉपी

रवि. २८ सप्टें. ९७
ह्यांच्या कंपनीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आज हॉलमध्ये येऊन बसला. आत पत्त्यांच्या खेळाशिवाय काही नाही. अकरा वर्षं फॅक्टरीत टायपिंग केलं, ती बंद पडल्यापासून बोटं नुसती शिवशिवतात. इंग्लिश शाळेच्या हेडबाई म्हणाल्यात, स्मरणिकेचं सगळं टायपिंग तुला देते, पण कॉम्प्युटरवर हवं, नमुना १६ ऑक्टोबरला. काही झालं तरी हे काम मला पाहिजे.

मंगळ. ३०
अंबरनाथ पश्चिम, स्टेशनजवळचं दुकान. ऑफिसचं सॉफ्टवेअर, ओरिजिनल, पेटीत. पुस्तक, कार्ड, सगळं. मुंबईहून मागवावं लागेल. किंमत ऐकून हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. दुकानदारच म्हणतो, घरासाठी ओरिजिनल कोण घेतं वहिनी, कॅम्पात जा. धन्य आहे.

शनि. ४ ऑक्टो.
उल्हासनगर, कॅम्प १. सिंधी शेठचं दुकान अर्धं बॅगांचं, अर्धं कॉम्प्युटरचं. कॉपी केलेल्या फ्लॉप्यांचा गठ्ठा, वर रबरबँड. "भाभी, सेम टू सेम. नहीं चला तो वापस लाना." ऑफिसची टाचणी कधी घरी आणली नाही मी, आणि आता हे. पण घेतला. सासूबाईंचा हट्ट, दसऱ्याला पूजा करूनच लावायचा.

शनि. ११, दसरा
डोक्याला हात लावला! सासूबाईंनी पहिल्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीला ओलं कुंकू लावलं. "वरच्या प्लॅस्टिकला लावून काय उपयोग? जीव आत आहे ना." कॉम्प्युटर गिरणीसारखा घरघरला आणि थांबला. आधी रडू आलं, मग ह्यांचं तोंड बघून हसू आवरेना. सासूबाई जेवेनात. शेवटी मीच बासुंदी वाढून समजूत काढली.

सोम. १३
काल ह्यांनी स्पिरिटने कुंकू पुसून काढलं, तरी फ्लॉपी चालेना. आज कुंकवाचं ऐकून शेठने ती फ्लॉपी कपाळाला लावली नि दुसरी दिली. चाललं! पण उघडलं की पडद्यावर आधी वाशीच्या कुणा मेहतांचं नाव येतं, दर वेळी; मूळ पेटी त्यांची असणार. सासूबाई म्हणाल्या, "हा कोण? ह्याचं नाव आपल्या घरात कशाला?" मलाही खुपलं. अकरा वर्षं साहेबांच्या सहीसाठी टाइप केलं, आता घरातसुद्धा दुसऱ्याच्या नावाखाली? संध्याकाळी स्टेशनजवळ जाऊन पेटी मागवली. हे या वेळी आत थांबले.

बुध. १५
पेटी आली, एकदाची. नमुना उद्या. पहिल्याच फ्लॉपीने नाव विचारलं. खाडकन टाइप केलं, माझं नि आडनाव. मध्ये ह्यांचं राहिलंच, राहू दे.
मग विचारलं, संस्था कोणती. तिथे अडले. हे म्हणतात, रिकामं सोड, चालतं. सासूबाई म्हणतात, देवीचं घाल.
हेडबाई काम देतील, न देतील. पण रिकामं नाही सोडणार. माझ्या टायपिंगच्या धंद्याला दोन नावं सुचलीत, अजून एकही टाइप केलेलं नाही.