बरे झालेले उंदीर

४ जुलै १९९४
आजपासून कंपवाताशी युद्ध. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, हात इतका थरथरतो की चहा बशीपेक्षा शर्टावर जास्त. त्यांच्यासाठीच पीएच.डी.चा विषय हा घेतला. पद्धत सोपी. उंदराच्या मेंदूत एका बाजूला विष टोचायचं, तसलाच आजार करायचा, मग माझं नवं औषध द्यायचं. चाचणीचं इंजेक्शन दिलं की आजारी उंदीर गोल गोल फिरतो. बरा झालेला फिरत नाही.
संकल्प: प्राण्यांशी प्रेमाने वागणे.

७ जुलै
पहिल्याच उंदराने अंगठा फोडला. प्रेमाने मूठ आवळली. दगावला. हार्ट वीक असणार.

१५ जुलै
विष टोचून झालं. कवटीला भोक पाडताना ड्रिल घसरलं, दोन उंदरांचा डोळा गेला. कंपवाताला डोळे लागत नाहीत.
लॅबमधली अश्लेषा म्हणाली, औषध द्यायच्या आधी एकदा फिरतात का बघ, नाहीतर आजार झालाय हे कळणार कसं? म्हटलं, वेळ नाही. विष ते विष.

२ ऑगस्ट
औषध सुरू. पिंजरे कमी, म्हणून सगळे नर एकत्र ठेवले. सकाळी भुसा रक्ताने लाल. एकाचं पोट फाडून बाकीचे आतडी ओढत होते. सोडवायला गेलो तर दुसरा मनगटाला लोंबकळला. हात भिंतीवर आपटला तेव्हा सुटला. कायमचाच.
अश्लेषा म्हणाली, आजारी उंदीर असे लढतात? म्हटलं, हाच तर औषधाचा गुण. जळते माझ्यावर.

११ ऑगस्ट
चाचणी. एकही उंदीर फिरला नाही. सगळे बरे!
राजाजीनगरला घरी येऊन अण्णांना सांगितलं, डॉक्टरांच्या त्या गोळ्या निम्म्या करा, माझं औषध येतंय. अण्णा कानडीत ‘बरं’ म्हणाले, सरी, विद्याधरराव. संध्या माझ्याकडे बघत राहिली. नवऱ्याचा अभिमान.

१९ ऑगस्ट
अण्णांचे पाय जागीच खिळले आणि ते न्हाणीघरात तोंडावर पडले. भुवई हाडापर्यंत फाटली. टाके घातले. गोळ्या पुन्हा पूर्ण. मी म्हटलं, फरशी ओली होती. संध्याने तांब्या फेकून मारला. कानामागे खोक. ताण आहे तिच्यावर.

२५ ऑगस्ट
माझे गाइड त्रिविक्रम सर म्हणाले, आता मेंदू दाखव. दिवसभर एकेक उंदीर गिलोटिनखाली. पात्याला धार नाही. काहींना दोनदा दाबावं लागलं. प्रेमानेच दाबलं.

२९ ऑगस्ट
स्लाइड्स पाहिल्या. सुई सगळ्यांतच भलतीकडे गेलेली. ज्या पेशी मारायच्या होत्या त्या ठणठणीत. अश्लेषाचं म्हणणं, एकही उंदीर आजारी पडलाच नव्हता. सरांचंही तेच.
संध्या अण्णांना घेऊन चामराजपेटला भावाकडे गेली. कपाटातल्या सगळ्या साड्या नेल्या. चार दिवसांत येईल.
माझं तंत्र चोख आहे, उंदराचं डोकंच लहान. सरांकडे माकडं मागितली.
सरांनी प्राणीघराची किल्ली मागितली.
दिली.