रुचिकाची नडगी

पवनार,
८ डिसेंबर २०२४

चि. चंद्रभान यास,
अनेक आशीर्वाद. पत्राची पहिली ओळ हीच लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिली, मन तसं नाही. मी बरी आहे. थंडी पडली आहे. सकाळी पांदणीत धुकं असतं आणि नऊ पोरं पळायला येतात. मेघा आणि तुमची चिमुरडी खुशाल असतील. झाली खुशाली.

मंगळवारी फोनवर मी तुला जे बोलले ते शेजारच्या घरात ऐकू गेलं. परत फोन केला तर परत तशीच ओरडेन, म्हणून हे पत्र. शेवटी तू जे एक वाक्य बोललास आणि मी फोन आपटला, त्याबद्दल मी लिहिणार नाही. आज फक्त रुचिकाबद्दल.

काल तिच्या घरी गेले होते. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पोरगी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. सोळा वर्षांची आहे, चंद्रभान. वर्ध्याच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवून तिच्या बापाला सांगितलं की नडगीचं हाड एका दिवसात मोडलेलं नाही. दोन महिने ते चिरत होतं. दोन महिने ती तुझ्या अकॅडमीत रोज सकाळ-संध्याकाळ त्याच हाडावर पळत होती.

तिची आई रुखमा मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, पोरीची पाळी पाच महिन्यांपासून नाई आली. म्या सरले फोन केलता. ते म्हणे, खेळणाऱ्या पोरींचं असंच राह्यते, घाबरू नोका."

असंच राह्यते? कोणी शिकवलं तुला हे? पोट भरत नसेल आणि मेहनत वाढतच असेल तर पोरीची पाळी थांबते, आणि पाळी थांबली की हाडं आतून कच्ची होतात. एवढं ठाऊक नसलेल्या माणसाने पोरींच्या हाती स्पाइकचे बूट देऊ नयेत. तू तर तिची भाकरी बंद केलीस. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभी करायचास. पाव किलो वाढलं तर दोन फेऱ्या जास्त. हे मला तिने सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. रुचिका अजून तुझी बाजू घेते. म्हणते, "सरचं काई चुकलं नाई ताई, माह्यंच हाड कच्चं निघालं."

हे वाक्य ऐकून मी बाहेर अंगणात येऊन उभी राहिले.

चार वर्षं मी तिला सांभाळलं. बारा वर्षांची असताना चपला हातात घेऊन मुलांच्या पुढे पळायची. मी तिला हळू पळायला शिकवलं. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की वेग कमी कर, एवढा एकच नियम. आठवड्याला तीस किलोमीटर, त्याच्या वर नाही. रविवार सुट्टी. तिचा बाप गजेंद्र विचारायचा, "ताई, हे पोरगी जिंकन कधी?" मी सांगायचे, वीस वर्षांची झाली की बघा, आणि मग तिशीपर्यंत बघतच राहा. त्याला पटलं होतं. पण मग तू सिंदी मेघेहून गाडी घेऊन आलास, भिंतीवर लावायचे मोठे मोठे फोटो दाखवलेस, राज्य पातळीचं बोललास. मी अडवलं नाही. माझ्याच हाताखाली पळालेला पोरगा आहे, मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे.

तू तीसचे पंचाहत्तर केलेस. तीन हजार मीटरला अकरा मिनिटं वीस सेकंदांवरून तिला दहा छत्तीसवर आणलंस, पाच महिन्यांत. पेपरात तुझा फोटो आला, तिच्या गळ्यात तुझा हात. मीही तो फोटो शाळेत सगळ्यांना दाखवत फिरले. आणि राज्य स्पर्धेच्या सकाळी ती लंगडत मैदानात आली तेव्हा तू तिला कंपाउंडरकडून दुखण्याचं इंजेक्शन टोचून आणलंस. शेवटच्या वळणावर ती खाली बसली. आवाज आला म्हणे, काडी मोडल्यासारखा. तिने तुला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "सर, पाय लय दुखून राह्यला." तू काय म्हणालास? "नाटकं करू नोको."

आता मला ते लिहावंच लागेल. हे शब्द मी ओळखते.

मंगळवारी तू म्हणालास, "मी तुमच्याच हातचा आहे ताई. तुम्ही माह्यासंग जे केलं तेच करून राह्यलो." मी फोन आपटला.

२००२ साली तू सतरा वर्षांचा होतास, मी अठ्ठावीसची. मला शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागून तीन वर्षं झाली होती आणि जिल्ह्यात कोणी बाई कोच म्हणून मला विचारत नव्हतं. तूच माझं नाव करणार होतास. पाच हजार मीटरच्या आदल्या दिवशी तू टाच धरून बसलास. "ताई, पाय टेकवत नाई." मी बघितलं होतं, चंद्रभान. टाचेच्या वरची शीर सुजून अंगठ्याएवढी झाली होती, हात लावला तर गरम लागली. मला कळलं होतं. कळूनसुद्धा मी म्हणाले, "नाटकं करू नोको." तू पळालास, दुसरा आलास आणि त्यानंतर एकही शर्यत पळाला नाहीस. तुझ्या लग्नात मांडवात तू पाय ओढत चालत होतास. बायांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, लहानपणी झाडावरून पडलता. खोटं माझ्या तोंडून सहज निघालं.

त्या दिवसानंतर मी पोरांना हळू पळवायला लागले. जुन्या पुस्तकांतून, डॉक्टरांना विचारून, एकेका पोरावरून शिकले. हळू पळवा, असं सगळ्या गावाला सांगितलं. फक्त तुला कधी सांगितलं नाही की तुझ्यासोबत मी चूक केली. तुला वाटलं, असंच करतात. बावीस वर्षं मी तुला तसं वाटू दिलं.

पण ऐक. माझं पाप मोठं आहे म्हणून तुझं लहान होत नाही. तुला स्वतःची टाच रोज दुखते. दुखणं म्हणजे काय हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तरी तू त्या पोरीला सुई टोचवलीस. काऊन रे? यावर तुला माझं नाव पुढे करता येणार नाही.

उद्या सोमवारी मी वर्ध्याला जाऊन जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेकडे तक्रार देते. हे पत्र तुला मिळेल तोवर ती पोचलेली असेल. पहिल्या पानावर रुचिकाचं सगळं आहे: इंजेक्शन, वजनकाटा, पाळी, तारखांसकट. दुसऱ्या पानावर २००२ आहे, माझ्या सहीने. मलाही विचारू दे त्यांना. मैदानावरून काढलं तर काढू दे.

तुझ्याकडे अजून अकरा पोरी आहेत. चौकशी होईपर्यंत थांबू नकोस. त्यांना आठवडाभर घरी पाठव. मेघाला सांग, एकेकीला बाजूला घेऊन विचार, खातेस काय, पाळी येते का, कुठे दुखतं. आणि रुखमाच्या घरी जा. अकॅडमीचा टी-शर्ट घालू नकोस. रुचिकाला तिच्या तोंडावर सांग की तिचं हाड कच्चं नव्हतं. मी सांगितलं तर ती मानत नाही. तुझंच मानेल.

तुझी अपराधी, आणि तुझ्यावर अजून तितकीच संतापलेली,
गुलाब मडावी