हलवलेली नदी

ओबान, सोमवार सकाळ

प्रिय गॅविन,

आपल्या अद्भुत कादंबऱ्यांसाठी तू आधी नकाशा काढायचास आणि मग माणसं आणायचास. मी आधी माणसाला चालायला लावायचे, रस्ता मागाहून सुचायचा. "ताई, तुझ्या राज्यात डोंगरसुद्धा ऐनवेळी उगवतात!" असं चिडवायचास.

पक्षाघातानं तुझी वाचा गेली, तेव्हापासून शेवटचा भाग मी एकटीच लिहितेय. आपल्या राणीला पोहता येत नाही, आणि तुझ्या नियमानं वाटेतल्या नदीवर पूल नाही. तिला घरी पोचवायला मी नकाशावरची तुझी नदीच हलवली.

आत्ता नर्सचा फोन आला. तू बोललास. पहिला शब्द 'नकाशा'.

पत्र टाकत नाही, पानं घेऊन मीच निघालेय. भांड माझ्याशी, पोटभर भांड.

तुझीच,
मोरॅग