टॅबमधून गेलेली तुमची गाणी

अण्णा, तुमची गाणी टॅबमधून अचानक गायब झाली आणि त्यावरून आपल्या घरात जे काही झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्याच्याशी तुमचा थोडा संबंध आहे. थोडा कशाला, पुष्कळच आहे. टॅब म्हणजे काय ते आधी सांगते. पाटीएवढी एक काच असते, तिच्यात फोन, टीव्ही, रेडिओ सगळं कोंबलेलं असतं आणि वर छोटी छोटी चित्रं असतात. चित्रावर बोट ठेवलं की ते ते सुरू होतं. त्याला ॲप म्हणतात. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडं बटणांचा फोन होता आणि त्यालाही तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. तेव्हा आपलं शहर औरंगाबाद होतं, आता त्याचं नाव बदललं आहे. उस्मानपुऱ्यातलं घर मात्र तेच आहे, तुमच्यामागं आईच्या सोबतीला म्हणून मी आणि नवरा इथंच राहायला आलो, आणि नळाला पाणी अजूनही रोज येत नाही. त्या बाबतीत तुम्हाला अगदी ओळखीचं वाटेल.

उन्हाळ्यात आईला पॅरालिसिसचा झटका आला. घाबरू नका, ती आहे. उजवा पाय बराच सुधारला, हातही हळूहळू उचलतो, पण बोलणं गेलं. समोरचा काय म्हणतो ते सगळं तिला कळतं, उत्तरही डोक्यात तयार असतं, शब्द तेवढा तोंडापर्यंत पोचत नाही. एकच शब्द उरला होता, ‘बरं’. चहा देऊ का? बरं. नको का चहा? बरं. पाय दुखतोय, पंखा वाढवू, मी आता कामाला निघू, सगळ्याला बरं. पाहुणे म्हणायचे, किती समजूतदार आहे हो बाई. मला मात्र ते ऐकून रडू यायचं, कारण तो शब्द तिनं जन्मभर सगळ्यात जास्त कुणाला म्हटला, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

डॉक्टरांनी आम्हाला स्पीच थेरपीच्या बाईंकडं पाठवलं. बाई म्हणाल्या, बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं. त्यांना तोंडपाठ असलेली गाणी लावा, ओळीचा शेवटचा शब्द यायच्या आत गाणं थांबवा आणि वाट बघा, कधी कधी तो शब्द आपसूक बाहेर पडतो. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, हेही त्यांनी बजावलं. आता आईला तोंडपाठ कुठली गाणी असणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. आपल्या घरात गाणी म्हणजे तुमची गाणी. तुम्ही चिकलठाण्याच्या कंपनीतून पहिला बोनस मिळाल्यावर टू-इन-वन रेडिओ-टेप घेऊन आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. स्वयंपाकघराच्या दारातच तुम्ही खोका उघडलात आणि आईला म्हणालात, “तुझ्यासाठी आणलाय, काम करता करता ऐकत जा.” आई पदराला हात पुसत बाहेर आली. त्या दिवसानंतर तिनं त्या यंत्राला पुसण्यापुरताच हात लावला असेल. बटणं तुम्ही दाबायचात, कॅसेटही गुलमंडीवरून तुमच्याच पसंतीच्या भरून यायच्या. जुनी हिंदी गाणी, त्यातही बहुतेक रडकी. ती मी तुमच्या कॅसेटच्या पाठी वाचून शोधली, एक एक करून टॅबमध्ये भरली, आणि बाईंनी सांगितलं तसं रोज संध्याकाळी आईला घेऊन बसू लागले.

मी गाणं लावते. आई खुर्चीत बसलेली असते. ओळ संपत येते, मी बोट ठेवून थांबवते आणि तिच्या तोंडाकडं बघते. आई गॅलरीतल्या तुळशीकडं बघते. बऱ्याच वेळानं म्हणते, बरं. असं रोज. आठवडे गेले, मग महिने जायला लागले. थेरपीच्या बाई आधी खूप उत्साहानं विचारायच्या, नंतर त्या नुसतीच मान हलवायला लागल्या, आणि मला धडकी भरली. आईचा आवाज आपण आता पुन्हा ऐकणार नाही, मला हाक मारायचा तो आवाज संपला, असं मनात यायचं आणि कामाला जाताना बिडकीनच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसायची. तुम्ही गेलात तेव्हा रडले होतेच, पण तुमचं सगळं बोलून झालेलं होतं हो अण्णा. हिचं तर काहीच बोलून झालं नव्हतं.

आणि अशात एक दिवस टॅब उघडला तर गाण्यांचं ॲपच नाही. जिथं रोज असतं तिथं रिकामी जागा. मी पुढची पानं सरकवली, मागची सरकवली, शोधायच्या चौकटीत नाव टाकलं, काही नाही. टॅब बंद करून पुन्हा सुरू केला, कारण आमच्या पिढीचं अर्ध्या रोगांवर हेच औषध आहे. तरीही नाही. नवऱ्यावर घसरले. तो वाळूजला कंपनीत दुसऱ्या पाळीला असतो, त्यामुळं दुपारपर्यंत आईजवळ तोच असतो आणि मधल्या वेळात टॅबवर क्रिकेट बघतो.

“तूच काहीतरी दाबलं असणार,” मी म्हटलं.

“मी कशाला दाबू? माझी तर आता ती गाणी पाठ झालीत,” तो म्हणाला. “अपडेटमध्ये गेलं असेल. कंपनीवाले काढतात अधूनमधून.”

मेमरी भरली की काय तेही पाहिलं, तर जागा भरपूर होती आणि तुमची गाणी आत जशीच्या तशी होती. म्हणजे कॅसेट घरात आणि टू-इन-वनच गायब, असा प्रकार. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या ॲपची यादी वाचत बसले, तर अगदी तळाशी ते सापडलं, फिक्कट पडलेलं, आणि त्यापुढं लिहिलेलं, ‘बंद केले आहे’. हे ॲप टॅबबरोबरच आलेलं, त्यामुळं ते काढून टाकता येत नाही, पण असं बंद करून नजरेआड करता येतं. मी ते चालू केलं, चित्र जागेवर आलं, आणि अपडेटला शिव्या घालून विषय संपवला. दोन दिवसांनी पुन्हा गायब. पुन्हा चालू केलं. पुन्हा गायब. आता मात्र मला शंका यायला लागली, कारण हे चुकून होणारं काम नाही. चित्रावर बोट दाबून धरावं लागतं, मग एक चौकट येते, तिच्यात ‘बंद करा’ निवडावं लागतं, मग टॅब विचारतो की नक्की का, आणि तुम्ही हो म्हटलं तरच ते जातं.

शनिवारी सुट्टी होती. मी स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसले होते आणि आई गॅलरीजवळ टॅब मांडीवर घेऊन. सहज मान वर केली. आईचं डावं बोट काचेवर टेकलेलं आहे, ती वाकून बघते आहे, चौकट आली, तिनं बोट अलगद खाली सरकवून दाबलं, पुन्हा चौकट आली, पुन्हा दाबलं. चित्र गेलं. मग तिनं टॅब पालथा घातला आणि तुळशीकडं बघत बसली, एखादं काम मार्गी लावल्यासारखी. मागं एकदा बातम्यांचं ॲप सारखं टिंगटिंग करत होतं म्हणून मी तिच्या शेजारी बसूनच ते असं बंद केलं होतं. तिनं ते तेव्हाच बघून ठेवलं असणार.

“आई! तू करतेस होय हे?”

ती दचकली. ओठ हलायला लागले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि मला वाटलं आता ‘बरं’ येणार.

“न... न... नको.”

मी मेथी तिथंच टाकली. “काय नको, आई?”

तिनं डावा हात उचलला आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं केला. “त्यांची... नको.”

अण्णा, तुम्हाला वाईट वाटेल, पण इतका गोड शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी रडत रडत हसत होते आणि नवऱ्याला हाका मारत होते. मग आम्ही दोघांनी तिला अक्षरशः पिडलं. भजनं लावू? नको. भावगीतं? नको. लावणी? नको, आणि वर थोडं हसूसुद्धा. प्रत्येक नकोबरोबर तिचा आवाज थोडा मोकळा होत होता. पण काय हवं, ते तिला सांगता येईना आणि मला सुचेना. जन्मभर त्या बाईच्या हातचं जेवले, आणि तिला कुठलं गाणं आवडतं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं का?

दुसऱ्या रविवारी देवगाव रंगारीहून मामा आले, पिशवीभर आलं आणि मक्याची कणसं घेऊन. मी त्यांना ही सगळी हकिगत सांगत होते आणि आई शेजारी बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं बिस्किटांचा रिकामा डबा मांडीवर ओढला आणि डाव्या बोटांनी त्यावर वाजवायला लागली. नुसती टकटक नव्हती ती, ठेका होता. मामांनी कणीस खाली ठेवलं.

“आक्का,” ते म्हणाले, “हे तर खालाच्या अंगणातलं हाय!” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “तुला ठावं नाय का माय? आमच्या घराला लागून खालाचं घर, मुसलमान शेजारीन आमची. तिच्याकडं लगीन निघालं की लई बाया जमायच्या, गाणी म्हनायच्या, समधनीची, म्हंजी विहिनीची, टिंगल करायच्या. अन् ढोलक कुणाकडं? तर तुझ्या आईकडं. खाला दुसऱ्या कुणाला वाजवूच द्यायची नाय.”

“मग इथं का नाही वाजवलं कधी?”

“दाजींना तो गोंगाट सोसत नव्हता.” मामा म्हणाले. “लगनानंतर माहेरी आली, ढोलक पुढं केला, तर हातबी लावला नाय. म्हनली, सवय गेली.”

ऐकताना मला एक दुपार आठवली. मी लहान आहे, तुमची कॅसेट चालू आहे, आणि आई ओट्यापाशी उलट्या पातेल्यावर बोटं नाचवते आहे. तुम्ही आतून ओरडता, “काय ठणठण लावलीस, गाण्याचा पार सत्यानाश केला!” आई म्हणते, बरं, आणि पातेलं फळीवर ठेवून देते. तुम्ही काही दुष्ट नव्हता अण्णा. तुम्ही थकून घरी यायचात, गाण्याचा तो एक तास तुमच्या हक्काचा होता. पण त्या तासापायी तिचं काय गेलं हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, याचा मला त्या रविवारी राग आला. अजूनही आहे थोडा.

मामांनी डब्याच्या ठेक्यावर त्यांच्या फाटक्या आवाजात एक ओळ धरली, “समधन के घर का चूल्हा ठंडा, हमना खिलाई कच्चे...” आणि अडले. कपाळावर हात मारला. “कच्चे काय गं आक्का? इसरलो बघ.”

“बैंगन!” आई म्हणाली.

असा खणखणीत, की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. मामांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, मुद्दाम पुन्हा अडले, आणि आईनं पुन्हा बैंगन म्हटलं, तिसऱ्यांदा ‘कच्चे बैंगन’. थेरपीच्या बाई ज्याची इतके दिवस वाट बघत होत्या ते मामांच्या विसरभोळेपणानं झालं. मामांचे डोळे भरून आले होते आणि ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, “व्हय, आक्का, व्हय.”

आता गाण्यांचं ॲप जागेवर आहे, आणि तिथून हललेलं नाही. त्यात मी शोधून शोधून दख्खनी बायांची ढोलकवरची गाणी भरली आहेत, आणि बरीचशी मामांनी फोनवर गाऊन पाठवलेली, वाटेल तशा सुरातली. आईला तीच जास्त आवडतात. दोन-तीन शब्द ती आता सलग जोडते. चहात साखर कमी असली तर सांगते, नवऱ्याला क्रिकेट बंद करायला लावते. बाई म्हणतात, वेळ लागेल पण येईल. परवा संध्याकाळी मी टॅब लावून तिच्या पुढ्यात ठेवला, तर तिनं तो हातानं फिरवला आणि तुमच्या फोटोकडं तोंड करून ठेवला. आवाज वाढवला. मग एक एक शब्द जुळवत म्हणाली, “आता... त्यांना... ऐकू दे.”

तेव्हा ऐका. हे सगळं मी का लिहीत बसले, तर तिचा निरोप तुम्हाला पोचवावा म्हणून. पण लिहिता लिहिता वाटलं, मधल्या माणसाची आता गरज नाही. बाकीचं ती स्वतःच तुमच्या फोटोपुढं उभी राहून सांगेल, आणि चांगलं ठणकावून सांगेल. म्हणून हा कागद तुमच्या फोटोमागं ठेवणार होते, तो आता कपाटातच ठेवते.

एक मात्र तुम्हाला सांगते. तुमची गाणी मी टॅबमधून काढली ती माझ्या फोनमध्ये घेतली. बिडकीनला जाता-येता बसमध्ये ऐकते, रडकी असली तरी मला ती आवडतात, तुमच्या अंगाला येणारा ऑइलचा वास त्यात आहे असं वाटतं. आईपासून हे लपवून ठेवलं होतं. काल तिनं मामांना फोन लावायला म्हणून माझा फोन घेतला आणि ती यादी तिच्या समोर उघडली. मी तिच्या बोटाकडं बघत होते. तिनं यादी खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर आणली, आणि काही बंद न करता फोन माझ्या हातात परत दिला.