क्लोव्हर पडद्यावर कधी दिसणार

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. पानभर नुसता सिनेमा, आणि तळाशी घाईघाईत एवढंच की गुडघा दुखतो, वरचं कुंपण पडलंय आणि आपली क्लोव्हर पडद्यावर कधी दिसणार. क्लोव्हरचं सांगते, पण आधी मला मनसोक्त बोलू द्या. दर शनिवारी आपल्या ड्राय फोर्क गावच्या सिनेमा हॉलात त्या करकरणाऱ्या खुर्च्यांवर बसून तुम्ही ज्याच्यासाठी डोळे पुसता, तो प्रकार मी इथे कॅलिफोर्नियात रोज जवळून बघते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुम्ही उभा जन्म गुरांमागे काढलात. निदान तुम्ही तरी विचारायला हवं होतं की या काउबॉयच्या सिनेमात गाय कुठे आहे? मी इथे आल्यापासून एकही पाहिली नाही. इथला काउबॉय कुंपण दुरुस्त करत नाही, वासराच्या खुरातला किडा काढत नाही, त्याला घामही येत नाही. तो फक्त दौडतो. कुठे, ते विचारायचं नाही. एका टेकडीला वळसा घालून तो पुन्हा तिथेच येतो, आणि तुम्हाला वाटतं त्याने अख्खं नेव्हाडा पालथं घातलं.

गोष्टही एकच. म्हातारा, त्याचं कुरण, त्याची एकुलती एक मुलगी, कुरणावर टपलेला मिशीवाला सावकार, आणि कुठून तरी उगवलेला पांढऱ्या टोपीतला परका. मिशी दिसली की तुमचा हॉल शिव्या घालायला लागतो, त्या बिचाऱ्याने अजून काही केलेलंही नसतं. मधेच एखादा घोडेचोर सापडतो, त्याला फास लावायला झाडाखाली नेतात, आणि तुम्ही काठी आपटून टाळ्या वाजवता. मग मुलीला खांबाला बांधतात. आमचा दिग्दर्शक मिस्टर ड्रम, त्याला मी एकदा म्हटलं, "अहो, ही गाठ शेंबडं पोरसुद्धा सोडवेल." तो म्हणाला, "मग सिनेमा इथेच संपेल, झेला. तिला रडू दे." आणि तिला रडायला येईना, म्हणून भर माळावर एक व्हायोलिनवाला आणून बसवलाय. तो वाजवतो, ती रडते. वाळू तोंडात गेली की तो थुंकतो आणि पुन्हा वाजवायला लागतो.

तुम्ही लिहिलंत की खोगीरं शिवणारा आपला बहिरा ओटिस म्हातारपणी चळलाय, सगळा हॉल रडत असतो तेव्हा हा एकटा पोट धरून हसतो. बाबा, त्या हॉलमध्ये शुद्धीवर असलेला तो एकटाच आहे. त्याला ओठ वाचता येतात. पडद्यावरचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, मधेच पाटीवर लिहिलेलं येतं, "मेरी, तुझ्या अब्रूसाठी मी प्राण देईन," आणि तुम्ही रुमाल काढता. तुमचा लाडका क्लेटन व्हेल तेव्हा खरं काय म्हणत असतो माहीत आहे? "या बयेने आज पुन्हा कांदा खाल्लाय. जेवणाची सुट्टी कधी?" यापेक्षा वाईटही बोलतो, पण ते मी तुम्हाला लिहू शकत नाही. ओटिसला विचारा.

क्लेटनबद्दलही ऐकून ठेवा. हा माणूस आधी शिकागोत बायकांचे जोडे विकायचा. त्याला भर माळावरही स्वतःचा तंबू लागतो आणि तंबूत मऊ उशी. घोड्यावर चढायला खोका लागतो. चढला की मला हाका मारतो, "झेला, अगं हा हलतोय, धर ना त्याला!" उंचीने तो माझ्याएवढाच. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, माझी भाकरी त्यावरच आहे. घोडा पळायला लागला की पांढऱ्या टोपीखाली क्लेटन नसतो. केस वर बांधून, त्याचे कपडे चढवून मी असते. गेल्या महिन्यात दरीवरून उडी मारणाऱ्या ज्या शूर गड्यासाठी तुम्ही दुखऱ्या गुडघ्यावर उभे राहिलात आणि पुढे दोन पानं त्याचं कौतुक लिहिलंत, ती तुमची मुलगी होती. तुम्ही खोगिरावरची बैठक पाहून अर्ध्या मैलावरून माणूस ओळखायचात. मला तुमचा तेव्हा फार राग आला, आणि रडूही आलं, व्हायोलिनवाल्याशिवाय.

आता क्लोव्हर. आई गेली त्या हिवाळ्यात तुम्ही या एवढ्याशा शिंगराला चुलीपाशी ठेवून बाटलीने दूध पाजलंत. घोडे विकत घ्यायला आलेल्या लष्कराच्या माणसाला तुम्ही ती दिली नाहीत. सिनेमाच्या दलालाने सांगितलं, "अहो, लोक हिला नावाने ओळखतील," आणि तुम्ही हातावर हात मारून तिला कंपनीला विकून मोकळे झालात. गावभर सांगत फिरलात. तिला इथे का आणली ते मला आल्या दिवशीच कळलं होतं, पण तुमचा आनंद पाहून लिहायला हात उचलेना. क्लेटनच्या घोड्याचं नाव पोस्टरवर छापतात, त्याला खरचटलेलंही कंपनीला चालत नाही. म्हणून पडायला दुसरं जनावर लागतं. क्लोव्हरच्या कपाळावर तसाच पांढरा पट्टा आहे. पायांना चुना फासला की झालं. पडद्यावर घोडा पळतो आणि पडते घोडी, पण तेवढं बघायला तुमच्यापैकी कोणाला सवड असते?

घोडा कसा पाडतात तेही ऐका. पुढच्या पायांना खुरांच्या वर पट्टे बांधतात, त्यांना तार, आणि तारेचं टोक मागे जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला. घोडा पूर्ण वेगात सोडायचा. तार संपली की पुढचे पाय मागे खेचले जातात आणि तो तोंडावर आपटतो. स्वाराला माहीत असतं कुठे अंग टाकायचं. घोड्याला कोणी सांगत नाही. काही उठतात. बरेच उठत नाहीत. तुमच्या हॉलमध्ये तेव्हा लोक "वा!" म्हणतात.

काल क्लोव्हरची पाळी होती, आणि स्वार मी. मी ड्रमपुढे हात जोडले. म्हटलं, घोडी माझ्या बापाने हाताने वाढवलीय, दुसरी घ्या. तो आभाळाकडे बघत होता. म्हणाला, "बाई, घोडा दुसरा मिळतो. उजेड गेला की गेला." तेवढ्यात ढग आला. सगळे ढग सरकायची वाट बघत सिगारेटी पेटवून बसले. मी पट्टे घट्ट करायला म्हणून खाली वाकले आणि सोडले. ऊन आलं, ड्रम कर्ण्यातून ओरडला, आणि मी क्लोव्हरला टाच दिली. पडायची जागा आली, गेली. कॅमेरावाला हँडल फिरवतच राहिला. मी मागे पाहिलं नाही. ड्रम कद्रू आहे, तो ती फिल्म फुकट घालवणार नाही. शेवटाला चिकटवून देईल, शूर वीर डोंगरापलीकडे निघाला म्हणून.

तर बाबा, हे पत्र मी मोहावीच्या वाळवंटात एका दाणावाल्याच्या ओट्यावर बसून लिहितेय. अंगात अजून क्लेटनचेच कपडे आहेत, आणि तुमची क्लोव्हर शेजारी दाणा खातेय. पत्र आगगाडीने माझ्याआधी पोचेल, पण कंपनीची तार त्याच्याही आधी पोचलेली असेल. शेरीफ आपल्याच दारात येणार, आणि तुम्ही हातावर हात मारून दिलेला शब्द कधी मोडला नाहीत, हेही मी जाणून आहे. घोडेचोराला फासाशिवाय दुसरी शिक्षाच नाही, असं मी तुमच्याकडूनच ऐकत मोठी झाले. म्हणून घरात शिरून तुम्हाला पेचात टाकणार नाही. ओढ्याकडचं फाटक उघडं दिसलं तर आम्ही दोघी आत येऊ. बंद दिसलं तर हाक न मारता तशाच ओरेगनकडे निघू, आणि मी तुम्हाला बोल लावणार नाही. फक्त फाटकाला कडी घालायच्या आधी एवढं आठवा, की त्या शनिवारी दुखऱ्या गुडघ्यावर तुम्ही नक्की कोणासाठी उभे राहिला होतात.

तुमचीच,
झेला